देणे

चार दिवसांनी नळ येतो आमच्या दोंडाईच्यात,
तासभर, कधी पहाटे, कधी ऐन मिरच्या वाळत टाकायच्या वेळी.
हजार लिटरची सिमेंटची टाकी मी काठोकाठ भरून घेते
आणि तिसऱ्या दिवशी तळ दिसतो.
पतपेढीत एकतीस वर्षं कॅश जुळवली,
रुपया कमी आला तर घरी गेले नाही.
इथे एकटी बाई, रोजच्या चार बादल्या.
बाकीचं गेलं कुठे?

भिवसन मिस्तरी सायकलवरून आला,
कॅरेजला पाने, खिशात शाळकरी पेन्सिल.
रात्री सगळे नळ बंद करायला लावले,
टाकीच्या आतल्या अंगाला एक रेघ मारली.
"आते हात लावू नको, ताई. पानी सोताच सांगस."
सकाळी पाणी रेघेखाली चार बोटं.

मग पंखा बंद, फ्रिज बंद,
शेजारचा टीव्हीसुद्धा बंद करून आला.
सळईचं एक टोक फरशीवर, दुसरं कानामागच्या हाडाला,
असा खोलीखोलीत उकिडवा बसला,
खाली कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही जणू.
मलाही ऐकवलं.
मला माझाच कान ऐकू आला.

परसात मात्र होतं.
मे महिना, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा,
आणि सेप्टिकच्या झाकणापासून कुंपणापर्यंत
पट्टाभर लव्हाळा, निलाजरा हिरवा.
पलीकडे कलाबाई गिरासेंचं लिंबू
यंदा पहिल्यांदा लदलेलं.
पिशवीभर मलाही दिली होती,
लोणच्याची बरणी अजून उन्हात आहे.
भिवसननं मातीचा गोळा हुंगला, मग माझ्यापुढे धरला.
मी मान फिरवली.
"वास पातळ शे. एवढं पानी टाकीमा कसं जास?
एक मानूस एवढा जात नही."

धुळवडीचा उरलेला जांभळा रंग होता,
चिमूटभर फ्लशच्या टाकीत टाकला.
"बटन दाबू नको. च्या ठेव."
चहा उकळून, ओतून, बशीतला संपेपर्यंत
संडासाच्या दारात आम्ही दोन वयस्कर माणसं
पांढऱ्या भांड्याकडे बघत उभी.
मग आला.
दोऱ्याएवढा, बिनआवाजी,
मागच्या उतारावरून घसरत
खालच्या पाण्यात.

म्हणजे रात्रंदिवस.
म्हणजे लाइट नसताना, मी बाजारात असताना.
टाकीतून फ्लशमध्ये, फ्लशमधून सेप्टिकात,
तिथून शोषखड्ड्यात,
आणि चिकण माती नको म्हणाली म्हणून
कलाबाईंच्या लिंबात.

वॉशर निघाला,
कडेनं दुमडलेला, काळा, हाताला काजळी लावणारा.
नवा तीस रुपयांना.

तो तळहातावर धरून मी उभी, आणि ती आठवली.
वैजंता वळवी, धडगावकडची,
नर्सिंगचं दुसरं वर्ष, मागची खोली.
"बादल्या मोजत जा," मी म्हटलं होतं.
मग बाथरूमबाहेर उभं राहून मीच मोजल्या.
एक. रोज एकच.
तरी टाकी रिकामी, म्हणून मला वाटलं
मी नसताना न्हात असेल.
कपडे धुवायला ती मैत्रिणीकडे जायची,
ते ती गेल्यावर कळलं.
मार्चात गेली. अनामतीतून पाण्याचे आठशे कापले,
पावती दिली, तारीख टाकून.
तिनं ती घडी करून पुस्तकात ठेवली.
ती गेल्यावरही तिसऱ्या दिवशी तळ दिसला
तेव्हा मी उन्हाला दोष दिला.

भिवसननं अर्ध्या तांब्यात हात धुतले.
"टाकी उपसाले मशीन बलाव.
मानूस उतरू देऊ नको, कितीबी सस्ता मिळो."
लिंबू वाळेल का, मी विचारलं.
"त्याले सवय पडी जाई."

आज सकाळी पाणी रेघेवर होतं.
वही काढली:
वॉशर तीस.
भिवसन अडीचशे, शंभर परत देत होता, घेतले नाहीत.
मशीन, कळेल तेव्हा.
वळवी वैजंता, आठशे, देणे.

नंबर आहे अजून.
लावलाय.
वाजतोय.