कितलें

एकतीस वर्षं मी बार्देशात विजेचे मीटर वाचले.
कुत्रं सोडलेल्या फाटकाबाहेरून, चष्म्याविना,
मला आकडा दिसायचा. घर दिसायचं नाही.
निवृत्त झालो, आकडा सुटला नाही.
बांगडा शिवोलीत कितला, हणजूणला कितला,
मयड्याची केळी कुठल्या चवथीला चढली,
पत्रादेवीच्या अलीकडे पेट्रोल किती पैशांनी उतरतं,
मला विचारा.
लग्नाची तारीख शशीला विचारा.

म्हणून घावनांसाठी बिडं घ्यायचं ठरलं तेव्हा
मी तीन शुक्रवार घेतले.
म्हापशाला, चोरिसांच्या माळांमागे,
गोणपाटावर बिडी पालथी घालून
खानापूरची यल्लवा बसते.
अकराशे, म्हणाली.
मी फोन पुढे केला:
साडेचारशे, घरपोच, वर लाकडी उलथणं फुकट.
तिने फोन पाहिला नाही, माझा अंगठा पाहिला.
"वाजवून दाखवा."
"काय?"
"त्यातलं ते बिडं. वाजवून दाखवा."
हा विनोद मी त्या आठवड्यात
न्हाव्याकडे सांगितला, पोदेराला सांगितला,
खोक्यावर सही करताना पोरालाही सांगितला.

खोकं हलकं होतं. मला ती सोय वाटली.
पहिली चार घावनं काळी निघाली,
रंग होता तो, तेल पिऊन सुटलेला.
तिसऱ्या रविवारी पीठ टाकलं आणि
टक्.
पाल बोलावी एवढंच.
काठापासून मध्यापर्यंत एक केस.
शशी काही बोलली नाही. उरलेलं पीठ उचलून
पिएदादच्या घरी गेली,
आणि जाळी पडलेली, काठाने आपसूक सुटलेली
आठ घावनं घेऊन आली.
मी कुंपणावरून ओरडलो, तुझं बिडं कितलें?
पिएदाद म्हणाली, "सासूक विचार.
ती शिमितेरींत."

रात्री हिशेब मांडला.
साडेचारशे भागिले अकरा घावनं.
चाळीस रुपये नव्वद पैसे एक.
एवढ्यात हॉटेलवाला चटणी देतो, वर पाणी विचारतो.
भंगारवाल्याने तुकडा तोलला,
किलोला बत्तीस म्हणाला.
मी पस्तीसवर अडून बसलो.
दिले त्याने.
मी जिंकलो, आणि जिंकल्यासारखा
रस्ताभर खिशातली नाणी चाचपत आलो.

पुन्हा शुक्रवार. यल्लवाने ओळख दाखवली नाही.
आता बाराशे.
मी खिशातून घराची किल्ली काढली,
पहिल्या बिडावर मारली. बद्द.
तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं,
"ह्याच्या पोटात हवा राहिली,"
आणि गिऱ्हाईक बघत असताना
स्वतःच्या पाठीमागे टाकलं.
दुसऱ्यावर मारली.
आवाज उठला, चोरिसांच्या माळा ओलांडून
केळीवाल्यांपर्यंत गेला, तिथून
कुठे गेला ते कळलं नाही,
हातात मात्र थरथरत राहिला, कोपरापर्यंत.
मी डोळे मिटलेले होते, हे नंतर लक्षात आलं.
आणि तेवढ्यात माझं तोंड, माझ्याविना,
"हजार?" म्हणालं.

यल्लवा हसली नाही.
"पात्रांव, ह्यातला कितला आवाज कापून ठेवू?"

बाराशे दिले. मोजून दिले, दोनदा.
बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसलो,
मांडी बधिर झाली.
दारातच शशीने विचारलं, कितलें?
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं.
"सातशे," मी म्हणालो.
तिने ते एका हाताने उचललं,
मग दुसरा हात लावला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी फाटकाबाहेरून मीटर पाहत असे.

नारळाच्या शेंडीने तेल फिरवलं.
पहिलं घावन चिकटलं.
दुसरं चिकटलं, फाटलं, कावळ्याला गेलं.
"वर्ष लागेल रुळायला,"
शशी म्हणाली.
बिड्याबद्दल म्हणाली की कसं,
मी विचारलं नाही.