उसना डोंगर

मखमलाबादच्या पुढे, द्राक्षांच्या तारा संपतात तिथे
तातेड शेठांनी चिनी बाग बांधली.
तिकीट साठ रुपये, ज्येष्ठांना तीस.
मी आधार कार्ड दाखवलं, तसा खिडकीतला पोरगा म्हणाला,
"आजी, आत सरळ रस्ता नाही हं."

खरंच नाही.
दारातून शिरलं की समोर भिंतच,
पांढरी, चुन्याची,
छपाईआधीच्या तावासारखी कोरी.
तिच्यावर फक्त बांबूची सावली,
आणि तीही एका जागी ठरेना.

एकतीस वर्षं मी नोट प्रेसमध्ये ताव तपासले.
शाई फुटली, आकडा सरकला, रेघ तुटली
की लाल पेन्सिल.
माणूस निवृत्त होतो, डोळे होत नाहीत.
भाजीच्या पिशवीवरचा छापाही
मी उजेडात धरून पाहते.
तशाच पाहिल्या इथल्या जाळीच्या खिडक्या:
एकीत बर्फाला तडे गेल्यासारख्या काड्या,
दुसरीत कासवाची पाठ,
पुढे एक उललेलं डाळिंब.
एकोणीस खिडक्या, एकीसारखी एक नाही.
आमच्याकडे अख्खा गठ्ठा रद्द झाला असता.

पुलाच्या तोंडाशी भिकन धोत्रे कौलाचा तुकडा घासत बसलेला.
ही बाग त्याच्या हातची.
"दगड चीनहून आणले?"
"कुठलं बाई. सारूळच्या खाणीतले.
शेठनी फोटो दाखवला, म्हणे भोकं पाहिजेत,
पाण्यानं खाल्ल्यासारखी.
आपला काळा दगड कुठं पाण्याला दाद देतो?
मग मीच पाणी झालो. चार महिने. छिन्नी घेऊन."

पूल नऊदा वळतो.
"शेठ म्हणतात, भुतं सरळच चालतात, म्हणून असा.
बायको म्हणते, तुम्हाला सरळ रेघ जमली नाही, म्हणून."
मी चालले.
एका वळणावर नुसतं शेवाळ,
पुढच्यावर नारिंगी मासे, तोंडं उघडून, उधारी मागणाऱ्यांसारखे,
त्याच्या पुढे माझाच चेहरा,
आणि मागे वळून पाहावं तर
आलो ते तळं हे नव्हेच.

मग गोल दार.
भिंतीत पुरा चंद्र, पलीकडे केळीचं पान.
मी थांबले.
"धोत्रे, हे डाव्या खांद्याला बोटभर फुगलंय."

घासणं थांबलं.
"मधोमध खिळा ठोकलेला. खिळ्याला दोरी, दोरीला कोळसा.
अर्धं वर्तुळ झालं आणि फोन आला.
पोरगी. पोलीस भरतीत नाव लागलं तिचं.
खिळा हलला बाई.
मग तसंच बांधलं."
"आणि शेठ?"
"शेठ गोल बघतात. तुम्ही रेघ बघता."

माझा हात पर्समध्ये गेला.
चष्म्याचं घर, बसचं तिकीट, बडीशेप.
पेन्सिल नव्हती.
दार माझ्याहून हातभर उंच,
तरी मी वाकून गेले.

टोकाच्या मंडपाला एकच खिडकी,
आणि खिडकीत रामशेज,
चौकटीत नेमका बसलेला, कातळाची टोपी घालून.
शेजारी पाटी: उसना देखावा.
बागेबाहेरचं जे दिसतं, ते बागेत धरायचं.
वाटीभर साखर आणावी
तसा अख्खा किल्ला आणलाय शेजारून.

"समोरच्या गटात चौदा मजले मंजूर झालेत,"
भिकन मागून म्हणाला. "दिवाळीनंतर पाया."
"मग या खिडकीचं काय?"
"काय व्हायचं. उसनंच ते.
मागितलं की देऊन टाकायचं."
आणि पंच्यानं त्यानं चौकट पुसली,
जिथे धूळ नव्हती तिथेही.

निघताना पूल मोजला.
जाताना नऊ वळणं होती, येताना आठच भरली.
एकतीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती.
फाटकातला पोरगा विचारत होता, "सापडला ना रस्ता?"
मी परत मोजायला गेले नाही.