क्षेत्रफळ लिहायचं राहिलं

बामणोलीच्या धक्क्यावरून लाँचनं पाऊण तास.
बेटाला नाव नाही. गेनू उतेकर म्हणतो, टेकाड.
त्याच्या बापाच्या वेळी गुरं चढायची इथं,
खाली गाव होतं. आता खाली तळ आहे.

फॉर्मचा पहिलाच रकाना: क्षेत्रफळ.
ऑक्टोबरात साडेतीन एकर,
मे महिन्यात सात, धरणातून पाणी सोडतील तसं.
शाहीननं पेन्सिलीनं टिंब काढलं आणि पुढं गेली.

श्रीखंडाचे चाळीस डबे काठापर्यंत पुरले.
सकाळी प्रत्येकात वाकून बघायचं,
देवळात वाकतात तसं नाही,
दुधाच्या पातेल्यात बघतात तसं.

डबा तीन: पैसा, स्वतःलाच गुंडाळून बसलेला.
डबा अकरा: चिचुंद्री, संतापलेली.
बारा रिकामा. तेरा रिकामा.
सव्वीसमध्ये विंचवाची मादी, पाठीवर अख्खं बिऱ्हाड.
ही एक मोजायची की एकवीस?
नियमावली उघडली. नियमावली गप्प.

साप एक, तोही नुसती कात.
ससा नाही. मुंगूस नाही.
साळिंदराचा एक काटा सापडला, जुना,
गेनूनं तो टोपीत खोवला
आणि आमचा पुरावा गेला.

चौथ्या दिवशी आलेखाची रेघ आडवी पडली.
नवीन कुणी येत नव्हतं.
पाणी चढलं तेव्हा जे वर पळाले, त्यांचेच नातू-पणतू
आलटून पालटून डब्यांत पडत होते.

रात्री बॅटरीच्या उजेडात, ऐनाच्या सालीवर
पाल.
तीच, ट्यूबलाइटमागची, पिवळट,
पोटातली अंडी बाहेरून दिसणारी.
शाहीन म्हणाली, मॅडम, घर कुठंय हिचं?
मी म्हणाले, आली असेल आपल्याच सामानातून.
तसंच लिहितात: माणसाबरोबर आलेली.

पाल चुकचुकली.
गेनूनं झोपेतच बोटानं जमिनीवर टकटक केलं,
कृष्ण कृष्ण म्हणाला, कूस बदलली.
त्याची टकटक खाली किती खोल गेली
ते मोजायचं साधन आमच्याकडं नव्हतं.

मूळ अधिवास, या रकान्यात मी भिंत लिहिलं.
खोडलं.
ऐन लिहिलं. तेही खोडलं.
कागद त्या जागी विरला, पलीकडचं दिसायला लागलं.

सकाळी पाणी दोन बोटं उतरलेलं.
काठाला चिखलाची नवी पट्टी,
अजून कुणाचं पाऊल न उमटलेली.
शाहीन टेप घेऊन तिच्याकडं निघाली होती,
गेनू ओरडत होता, चपला काढ, रुतशील.