चौथं रीळ

पहिला आला तेव्हा सहा रिळं होती,
पत्र्याच्या डब्यांत, प्रत्येक डबा वीस किलोचा.
ट्रकवाला रेनोहून निघून वाटेत कुठेतरी पेंगायचा,
आणि मी एकेक डबा छातीशी धरून जिना चढायचे,
बापाने बर्फातून कोकरू आणावं तशी.
(बाप मेंढपाळ होता. सिनेमाला कधी आला नाही.)

दुसरा आला वहीएवढ्या खोक्यात.
कुरिअरच्या पोराने सही घेतली, म्हणाला,
किल्ली मेलवर येईल,
शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आधी हा उघडणार नाही.
पहिला तर मी बुधवारीच बघितला होता,
एकटीने, कठड्यावर पाय टाकून.

तळावरचे निवृत्त मेकॅनिक न्हाव्याकडे बसून भांडतात.
जुनी विमानं खरी, म्हणतात, तेल गळायचं त्यांचं.
मेलेल्या म्हशीला मणभर दूध!
अहो, त्यातली निम्मी विमानं खेळण्यातली होती,
बूथमधून मला तारा दिसायच्या.
दुसऱ्यात कॅमेरा थेट कॉकपिटात बसलाय,
वळणावर माणसाचे गाल ओघळतात,
खुर्ची थरथरते, मांडीवरचे पॉपकॉर्न सांडतात.
काय कमी आहे? काहीच नाही.
तेच कमी आहे, असं म्हणणार होते,
पण ते फारच सोपं झालं असतं.

तेव्हा तळावरून वैमानिक यायचे,
बुटांना मिठाच्या मैदानाची पांढरी धूळ,
आणि नको तिथे हसायचे.
ऐन चकमकीत नायक मास्क काढून बोलायचा,
चेहरा दिसावा म्हणून.
अख्खी सहावी रांग खिदळायची.
सगळ्यात मोठ्याने कॉर्विन स्टॅकपोल.

एकदा चौथं रीळ तुटलं, भर आकाशात.
चोवीस फ्रेमा चुरगळल्या, मी कापल्या,
टोकाला टोक चिकटवलं.
एक सेकंद गेला.
विमान ढगात शिरायचं आणि पलीकडे असायचं,
मधलं काही नाही.
कोणाच्या लक्षात आलं नाही. स्टॅकपोल धडधडत वर आला,
माझं आकाश कोणी कापलं?
केराच्या डब्यातून त्यातल्या त्यात धड अशी एक फ्रेम काढून दिली.
नुसतीच निळी.
त्याने पाकिटात ठेवली, परवान्याच्या मागे.

मार्चमध्ये तो डोंगरापलीकडच्या रेंजवर गेला.
ढगात शिरला.

दुसऱ्यात नायकाचे केस पिकलेत, तो पोरांना शिकवतो.
पहिल्यात समुद्रात पडलेली टोपी
दुसऱ्यात कोणीतरी जपून ठेवलेली निघते.
रुसलेली बाई दार उघडते.
दुसऱ्या भागाची खोडच ती,
सांडलेलं सगळं वेचून ओंजळीत देतो.
मी रडले. खोटं कशाला बोलू?

शनिवारी तिकिटाच्या खिडकीशी एक बाई आली.
मॅरिबेथ. हनुवटी ओळखीची.
बाप मेला त्या वयाहून आता वीस वर्षांनी मोठी.
लिफाफ्यातून नखाएवढा तुकडा काढला:
हे काय आहे, कुणालाच सांगता येत नाही.
आईला वाटायचं, एक्स-रे असेल.

मी तो दिव्याशी धरला.
निळा पार उडाला होता,
आकाश गुलाबी झालं होतं, टरबुजाच्या साली-लगतचं गुलाबी.
एका सेकंदाचा चोविसावा भाग, म्हटलं,
बाकीचे तेवीस मी झाडून टाकले.

आता यंत्र आपलं आपण चालतं,
म्हणून चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी खाली बसले,
तिच्या शेजारी, सहाव्या रांगेत.
विमान ढगात शिरलं.
सवयीने मी श्वास धरला, उडी येईल म्हणून.
आली नाही. ढग होता तेवढा सगळा दाखवला,
पांढरा, लांबलचक, काचेवर पाण्याच्या रेघा.
तिने खुर्चीचा हात घट्ट धरलेला.

मग चकमक.
आणि एवढा खर्च, एवढी खरी विमानं,
तरी नायकाने मास्क काढलाच.

थिएटर चिडीचूप.
ती हसली. एकटीच. मोठ्याने.