बाबांपुरतं भांडं

डॉक्टरांनी कागदावर दोनच ओळी लिहिल्या.
दुसरी होती : साखर बंद.
बाबांनी विचारलं, "म्हणजे दुकान?"
शिराजच्या गल्लीत एकसष्ट वर्षं
फालुदा विकलेल्या माणसाला
दुसरा अर्थ सुचणार कुठून.

त्या रात्री मी त्यांच्यापुरतं वेगळं भांडं लावलं,
तांब्याचं, एक कान तुटलेलं.
चिकाच्या शेवया त्याच, केसासारख्या,
गुलाबपाणी तेवढंच,
फक्त पाकाच्या जागी पाणी.
चाखलं. वाईट नव्हतं.
म्हटलं, चालेल.

सकाळी चमचा वाकला.
मग दुसरा. मग पेचकस घेतला.
शेवया आत दिसत होत्या,
काचेत अडकलेल्या भेगांसारख्या.
शेजारी गिऱ्हाइकांचं पातेलं :
तोच फ्रीझर, तीच रात्र,
आणि त्यात चमचा असा उतरत होता
जसा ओल्या वाळूत पाय.

बाबांनी भांडं कानाशी धरून वाजवलं,
मडकं घेताना वाजवतात तसं.
"फरंगीस, तू पाण्याला पाण्यापाशीच सोडलंस.
थंडी पडली की ते हातात हात घालून
कवायतीला उभं राहतं,
मग कुणाला आत घेत नाही.
साखर मध्ये मध्ये करते.
याच्या-त्याच्या मध्ये शिरून बसते, रांग मोडते,
म्हणून थोडं पाणी पाणीच राहतं.
त्या थोड्यावर तुझं शिक्षण झालं."

मग हसले, कारण मनुचेहर मामा आठवला.
नवरोजच्या गर्दीत त्याचा हात सैल सुटला,
साखर दुप्पट पडली,
आणि पातेलं दोन दिवस, दोन रात्री
गोठलंच नाही.
रांग मोडणारेच इतके झाले
की रांग लागेचना.

एवढं सगळं ते भांडं हातात धरून सांगत होते.
बोटं लाल झाली होती.

गरम पाक घशाशी बसतो, इतका गोड.
तोच गारठला की बेताचा लागतो,
थंडीत जीभच बहिरी होते.
म्हणून आम्ही घालतो ती नेहमी जास्तच असते,
आणि बरोबर पडली का हे कळायला
गरम असतानाच चाखावं लागतं.
रोज. चमचा, मग अजून एक चमचा.
एकसष्ट वर्षं चाखणारं कोण होतं,
हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

दुपारी बाबा भांडं मांडीवर घेऊन बसले,
टॉवेलात गुंडाळून, वर लिंबू पिळून.
कडेला पाणी सुटलं.
एक शेवई मोकळी झाली,
ती त्यांनी बोटानं उचलून चावली.
"गुलाब आहे," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.

दारात पोरं आली. दोन मोठे, पाक जास्त.
मी उठले.
मागून आवाज आला :
"आज पाक कुणी चाखला?"
मी, म्हटलं.
"किती चमचे?"