अंगठाभर जागा

गेल्या शुक्रवारी रियामच्या डोंगरावर
माझ्या बुटाचा तळ सुटला.
वाजला नाही, फाटला नाही,
नुसता मागे राहिला दगडावर,
दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखा.
जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो जोडा गाडीच्या डिकीत.
आतल्या गोंदाला कुणी विचारलं नव्हतं,
बाबा, साठ अंशांत कसं वाटतंय?
रय्या हसली नाही.
पाठपिशवीची नाडी ओढून काढली,
तळ पायाला बांधला, म्हणाली,
आता तू बकरी, हळू चल.
मुत्राचं बंदर दिसेपर्यंत मी बकरी होते,
तीही लंगडी.

म्हणून आज रुवीत, दिवेलागणीनंतर.
दिवेलागणीनंतरच, कारण शरीफ म्हणतो
सकाळचे पाय खोटं बोलतात.
दिवसभर उभे राहिले की खरं माप सांगतात.
मी डायलिसिसच्या खोलीत बारा तास उभी.
माझे पाय आज हरिश्चंद्र.

पहिला जोडा निळा, सायीसारखा मऊ.
त्याने माझ्या हातातून काढूनच घेतला.
हा कॉर्निशवरचा, मॅडम, आइस्क्रीम खात फिरायचा.
आपले डोंगर म्हणजे किसणी.
आपले, म्हणाला तो.
कासरगोडचा माणूस, मिरजेच्या बाईला.
दोघांचंही कार्ड दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं,
डोंगराचं नाही.

दुसऱ्याच्या तळाला बोटभर दात. चिखलासाठी.
आम्ही दोघांनी काचेतून बाहेर पाहिलं,
रस्त्यावर, धुळीत, एसीच्या पाण्याचा एक ओघळ.
खोका बंद केला.

तिसरा करड्या रंगाचा, दिसायला अगदी सरकारी.
बोटांपुढे रबराची भिंत,
तळव्याखाली पातळ, कडक पत्रा,
दगडाचं टोक आत येऊ नये म्हणून.
कोपऱ्यात एक लाकडी उतार ठोकलेला.
मी चढून दाखवला, बरा वाटतोय म्हटलं.
चढताना सगळेच बरे वाटतात, तो म्हणाला.
उतरा.

उतरले.
तो गुडघ्यावर बसला,
बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघितला,
मग बूट काढून मोज्यावरून पाय न्याहाळला.
हे दुसरं बोट अंगठ्याहून लांब आहे.

मी गप्प.
मिरज, अठ्ठ्याण्णव साल, सतरंजी,
जरा चालून दाखव गं.
आणि त्यांच्यातल्या आत्याबाई, चष्मा वर करून,
माझ्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघणाऱ्या.
बोट लांब आहे. नवऱ्याला डोईजड होईल.
दोनदा मागून पोहे खाल्ले, मग कळवतो म्हणाले.
तेव्हापासून चपलेत, बुटात, वॉर्डात
ते बोट मी आत ओढून चालते,
जसा उशिरा आलेला माणूस
मान खाली घालून रांगेत शिरतो.
(भालचंद्रच्या घरच्यांनी पाय पाहिलेच नाहीत.
त्याच्या आईला मोतीबिंदू होता.)

बोट आखडू नका, शरीफ म्हणाला.
मोकळं सोडा. माप त्याचंच घ्यायचं.
लांब बोट पुढे, त्याच्यापुढे अंगठाभर जागा,
नाहीतर उतारावर नखं काळी पडतात.
एवढं बोलून तो अर्धा नंबर मोठा आणायला आत गेला.
मी खुर्चीवर बसून
ते बोट सरळ करायचा प्रयत्न करत राहिले.
जमेना. पेटका आला.

बेचाळीस रियाल. भालचंद्रला अठ्ठावीस सांगितले.
जोडा डिकीत नाही, बेडरूममध्ये ठेवला, गारव्याला.
बूट एसीत, तो म्हणाला,
आणि मी सिगारेट ओढायला बाल्कनीत?
हो, म्हटलं.

शुक्रवारी, अजून अंधार होता,
रय्या पुढे, तिच्या टॉर्चची उडी मारणारी टिकली.
खिंडीतून खाली सुटलो,
सुटे दगड, बकऱ्यांच्या लेंड्या, एक वळण, आणखी एक.
पाय पुढे सरकला बुटात,
बोट पुढे गेलं,
सवयीने मी दात आवळले,
आणि ते कुठेच आपटलं नाही.