ढकलू नये

वीज खात्यात तीस वर्षं मीटर वाचले,
त्यामुळे निवृत्तीनंतरही खिशात एक वही असते.
साखर वाढली तसा डॉक्टरांनी हुकूम काढला, रोज चाला:
मोरजीच्या टोकापासून आश्वेच्या ओहोळापर्यंत
आणि परत.

पहिल्या पानावर केंड.
रापण ओढून झाली की नको ते तिथेच टाकतात,
आणि हे येडं फुगून बसतं,
वाळूशीच भांडण असल्यासारखं.
हात लावला की दात करकर वाजवतं.
मी चपलेवर घेऊन एकेक पाण्यात सोडायचो.
पावलू रापणकार हसायचा:
"भाटकारा, फाल्यां तींच परतून येतलीं, पळय."
मी कसला भाटकार, दोन माडसुद्धा नाहीत माझे.
पण वहीत लिहायचो: केंड, सात, जिवंत.

श्रावणात एकदा समुद्रसाप,
शेपटी वल्ह्यासारखी चपटी.
वाळूवर त्याला धड सरपटताही येत नव्हतं,
मला माझे गुडघे आठवले.
काठी घेतली, पण खरं सांगतो, भ्यालो.
अर्धा तास नुसता उभा होतो,
भरती आली, तिनंच नेलं त्याला.
साप, एक. मी काही केलं नाही.

दसऱ्यानंतर ती कासवीण.
डाव्या वल्ह्यात हिरव्या नायलॉनचा फास,
मांसात रुतून त्याच्यावर मांस आलेलं.
घरी धावत जाऊन कात्री आणली, कापलं.
मग मी, दोन पोरं आणि एक रशियन बाई,
एक-दोन-तीन करून तिला लाटेत ढकललं.
टाळ्या वाजल्या. फोटो झाले.
रात्री मी साखर विसरून दोन वाट्या खीर खाल्ली.
कासव, एक, जिवंत,
आणि खाली रेघ मारली, पूर्वी बिलाखाली मारायचो तशी.

सकाळी ती दोनशे पावलांवर होती.
डोळे कावळ्यांनी आधीच नेलेले.
वल्ह्यावर माझ्या कात्रीची खूण, स्वच्छ.

वन खात्याची मुलगी आली, ग्लेनिशा.
"अंकल, दमलेलं असतं ते.
श्वास घ्यायलाच किनाऱ्याला लागतं.
पाण्यात ढकललं की बुडतं."

बुडतं.
कासव बुडतं.
समुद्राशेजारी त्रेसष्ट वर्षं काढली
आणि हे मला माहीत नव्हतं.
ती रागावली असती तर बरं झालं असतं.
तिनं टेपनं पाठ मोजली,
आकडा लिहिला.
तिचीही एक वही होती.

आज तुळशीचं लग्न, ऊस आणायचेत,
आणि ओहोळाच्या तोंडाशी ही दुसरी.
फोन केला. गाडी शिवोलीच्या पुलावर अडकली आहे.
रुझारकडून शॅकमधला टेबलक्लॉथ मागून आणला,
लाल चौकड्यांचा, तिखटाचे डाग असलेला,
भिजवून पाठीवर घातला, नाकपुड्या उघड्या ठेवून.
आणि डोक्यावर माझी छत्री धरून उभा आहे.

लोक येतात.
"अंकल, पाण्यात सोडा ना, बघत काय बसलात?"
एकजण मोबाइलमध्ये बोलतोय,
हा माणूस बघा, कासवाला समुद्रात जाऊ देत नाही.
मी त्याला काय सांगणार,
की मी एकदा जाऊ दिलं होतं?
पावलू बादली भरून आणतो, कापडावर ओततो, जातो.
आज तो भाटकार म्हणाला नाही.

जुन्या मीटरमध्ये एक चकती असायची,
तिच्या कडेवर एक काळी खूण.
घरात एकच दिवा जळत असला
की खूण फिरून यायला फार वेळ लागायचा.
लोक म्हणायचे, बंदच आहे हो, लिहा शून्य.
मी लिहायचो नाही. काचेला नाक लावून थांबायचो.

तसा हिचा श्वास.
एक झाला, त्याला बराच वेळ झाला.
खूण अजून आलेली नाही.
मी छत्री दुसऱ्या हातात घेतो.